दुखणे खुब्यात, कारण रक्तात

रविवारी सकाळी विहारात वंदना सुरू झाली की सगळे मांडी घालून बसतात. पण मागच्या भिंतीला टेकून एखादा तरुण उभा असतो, नाहीतर प्लास्टिकची खुर्ची ओढून बसतो. वय जेमतेम बावीस-तेवीस. म्हाताऱ्या माणसांना खाली बसता येते आणि हा पोरगा खुर्ची मागतो, म्हणून आधी थट्टा होते. मग कुणी म्हणते, शहरात राहून आला, अंग जड झाले. कुणी म्हणते, कामचुकार आहे. खरे कारण विचारायचे कुणालाच सुचत नाही.

अशाच एका मुलाची हकिकत आम्ही येथे सांगत आहोत. नाव-गाव देत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातला आहे, एवढे पुरे. त्याला सिकलसेल आहे हे घरी लहानपणापासून माहीत होते. दर महिन्याला तो गोळ्या घ्यायला जायचा. एकोणिसाव्या वर्षी गुडघा दुखू लागला. गावात येणाऱ्या झोलाछाप डॉक्टरने सुई दिली, चार दिवस बरे वाटले. पुन्हा दुखले, पुन्हा सुई. वर्षभराने गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो चांगला निघाला. "काही नाही, वात आहे," असे सांगितले गेले. रोवण्याच्या दिवसांत बांधीत उतरला आणि दुपारी घरच्यांनी त्याला उचलून बाहेर काढले. शेवटी नागपूरला एमआरआय झाला, तेव्हा कळले की गुडघा ठीक आहे, खुब्याचा गोळा मात्र आतून मेला आहे आणि वरून चेपला आहे. डॉक्टरांनी विचारले, "इतके दिवस कुठे होता?"

तो कुठेही पळाला नव्हता. दर महिन्याला रांगेत उभा राहून गोळ्या घेत होता. पण त्या चार वर्षांत एकदाही कुणी त्याला टेबलावर झोपवून पाय फिरवून पाहिला नव्हता. या महिन्याचे आरोग्य पान आम्ही एवढ्याच एका गोष्टीसाठी लिहीत आहोत.

हाड म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे

हाड हे आपण घराच्या खांबासारखे समजतो. खांब मोडला की दुसरा लावायचा, खिळा ठोकायचा, पट्टी मारायची. पण हाड जिवंत असते. त्याला भूक लागते, तहान लागते, ते रोज थोडे झिजते आणि रोज थोडे नव्याने घडते. त्यासाठी त्याला रक्त लागते. मांडीच्या किंवा नडगीच्या लांब हाडात एक मुख्य रक्तवाहिनी छिद्रातून आत शिरते आणि मगजात पसरते. हाडाच्या जाडीचा आतला सुमारे दोन तृतीयांश भाग तिच्यावर जगतो. बाहेरचा भाग हाडावरच्या पातळ आवरणातून आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंतून रक्त घेतो. मोडलेले हाड जुळते ते या दोन्ही वाटांनी येणाऱ्या रक्तामुळे. प्लास्टर आणि रॉड हाडाला फक्त धरून ठेवतात.

खुब्याची गोष्ट जरा वेगळी आहे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि कमरेच्या हाडाच्या वाटीत फिरते. या गोळ्याला रक्त पोहोचवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक असतात. त्या हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात. शेवटच्या बांधीला एकाच पाटाने पाणी मिळावे, तसे हे आहे. वरचा पाट बुजला तर खालच्या बांध्यांना दुसरीकडून पाणी वळवता येते. टोकाच्या बांधीला ते मिळत नाही. म्हातारपणी पडून खुब्याची मान मोडली की गोळा मरण्याची भीती असते, ती याचमुळे. तुटलेल्या हाडाबरोबर या बारीक वाहिन्याही तुटतात.

पडून-झडून नाही, काही मोडले नाही, तरी वीस वर्षांच्या मुलाचा पाट कसा बुजतो? त्याचे उत्तर आपल्या दोन जिल्ह्यांच्या रक्तात आहे.

सिकलसेल आणि आपण

सिकलसेलचे नाव घेतले की आपल्याकडे अजून आवाज खाली येतो. म्हणून आधी त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींची पहिली नोंद प्रसिद्ध केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये तो आढळला. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकल पेशींविषयी 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात लिहिले. म्हणजे आपल्या भागात हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राला दीक्षेनंतर दोनच वर्षांनी कळले होते. आपल्या वस्तीपर्यंत ती माहिती यायला मात्र दोन-तीन पिढ्या गेल्या.

हा शाप नाही, कुणाची करणी नाही, कुणा जातीच्या रक्तातला कमीपणा तर मुळीच नाही. जिथे शेकडो वर्षे जीवघेणा मलेरिया होता, तिथे हा बदल टिकून राहिला. कारण आईकडून किंवा वडिलांकडून एकच सिकल जनुक आलेल्या मुलाला त्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. गडचिरोलीच्या जंगलातला मलेरिया कुणाला नव्याने सांगायला नको. म्हणूनच गोंड, माडिया, परधान बांधवांमध्ये आणि आपल्या बौद्ध समाजात, म्हणजे पूर्वाश्रमीच्या महार समाजात, हा जनुक दिसतो. एकाच जंगलाच्या काठाने आपण राहिलो, एकाच डासाने आपल्याला चावले.

एक जनुक असलेला माणूस, म्हणजे 'एएस' पॅटर्नचा वाहक, सहसा निरोगी असतो. दोन्हीकडून जनुक आला तर 'एसएस', म्हणजे सिकलसेलग्रस्त. त्याच्या पेशी प्राणवायू कमी पडला की ताठ होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. साधी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त कमी राहते, डोळे पिवळे दिसतात. आणि या ताठ, चिकट पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात, तिथे कळ येते. छातीत अडकल्या तर श्वास, मेंदूत अडकल्या तर लकवा, आणि खुब्याच्या गोळ्यात अडकल्या तर हाडाचा तेवढा भाग उपाशी मरतो. वैद्यकीय भाषेत त्याला 'अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस' म्हणतात. दवाखान्याच्या कागदावर 'एव्हीएन' असे लिहिलेले असते. अर्थ सरळ आहे : रक्तावाचून मेलेले हाड.

हे क्वचित घडते असे समजू नका. अमेरिकेत अडीच हजारांहून अधिक सिकलसेल रुग्णांचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे १० टक्के रुग्णांच्या खुब्यात हा बिघाड सापडला. वय वाढते तसा धोकाही वाढतो. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या रुग्णांच्या रक्तात पेशींचे प्रमाण तुलनेने जास्त होते, त्यांच्यात खुब्याचा त्रासही जास्त आढळला. कारण दाट रक्त बारीक वाहिन्यांतून हळू सरकते. तेव्हा "याचे हिमोग्लोबिन तर बरे आहे, याला काय होते," असे म्हणून दुखण्याकडे पाठ फिरवू नये.

मेलेले हाड लगेच कोसळत नाही

येथे आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. हाडाचा भाग मेला म्हणजे गोळा त्याच दिवशी चेपला असे होत नाही. मधे महिने जातात, कधी वर्षे जातात. पोखरलेल्या खांबावर छप्पर काही दिवस उभे राहते, तसेच. या मधल्या काळात साधा एक्स-रे चांगला दिसू शकतो. एमआरआयमध्ये मात्र बिघाड आधीच दिसतो. याच काळात काही करता येते. गोळा एकदा चेपला की पर्याय फार थोडे उरतात.

त्यासाठी दुखणे ओळखता आले पाहिजे. खुब्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते. पण त्याची कळ मांडीतून गुडघ्यात उतरते, आणि माणूस गुडघाच दाखवतो. आमच्या ओळखीतल्या मुलाचे तेच झाले. दुसरी खूण म्हणजे मांडी घालून बसता न येणे. तिसरी खूण कोणताही डॉक्टर, नर्स किंवा प्रशिक्षित आरोग्यसेविका दोन मिनिटांत पाहू शकते. रुग्णाला पाठीवर झोपवायचे, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवायचे आणि मांडी हळूच आतल्या बाजूला फिरवायची. एका बाजूला ती कमी फिरली, किंवा फिरवताना जांघेत कळ आली, तर खुब्याची तपासणी पुढे न्यायलाच हवी. याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लागते ते फक्त एक टेबल आणि तपासण्याची इच्छा.

सिकलसेलच्या नेहमीच्या कळा आणि खुब्याचे दुखणे यांतला फरकही समजून घ्यावा. कळेचा झटका येतो, चार-आठ दिवस अंग पिळून काढतो आणि उतरतो. खुब्याचे दुखणे रेंगाळते. चालताना, जिना चढताना, पायखान्याला बसताना दुखते, पुढे रात्री झोपेतही दुखते. एकाच जागी तीन-चार आठवड्यांहून जास्त दुखत असेल, तर "सिकलवाल्यांचे दुखतेच" म्हणून सोडून देऊ नये.

शस्त्रक्रिया काय करते आणि काय करत नाही

शस्त्रक्रियेबद्दल आपल्या समाजात दोन टोकाची मते आहेत. एक म्हणजे, ऑपरेशन केले की सगळे ठीक होते. दुसरे म्हणजे, सिकलवाल्याने चाकूखाली जाऊच नये, तो परत येत नाही. दोन्ही मते आमच्या लोकांचे नुकसान करतात.

गोळा अजून गोल असेल, तर 'कोअर डीकॉम्प्रेशन' नावाची शस्त्रक्रिया करतात. मांडीच्या बाजूने हाडाच्या मानेतून आत भोक पाडून मेलेल्या भागापर्यंत पोहोचतात. त्यामुळे हाडातला वाढलेला दाब कमी होतो आणि नव्या रक्तवाहिन्यांना आत यायला वाट मिळते, अशी त्यामागची कल्पना आहे. काहींना वेदनेतून आराम पडतो. पण ही जादू नाही. २००६ साली अमेरिकेत सिकलसेलच्या रुग्णांवर केलेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला ही शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी दोन्ही दिली, दुसऱ्या गटाला फक्त फिजिओथेरपी. सरासरी तीन वर्षांनी दोन्ही गटांतले खुबे जवळजवळ सारखेच टिकले होते. अभ्यास लहान होता, चाळिसेक रुग्णांचा, त्यामुळे त्यावरून शेवटचा शब्द काढता येणार नाही. पण आमच्यासारख्या जिल्ह्यांसाठी त्यातला अर्थ मोठा आहे. स्नायू बळकट करणारे व्यायाम, वजन उचलणे बंद, दुखऱ्या पायावरचा भार कमी करायला काठी किंवा कुबडी, हा उपचार तालुक्याच्या ठिकाणीही देता येतो. तो दुय्यम उपचार नाही. आणि तो वेळेवर मिळाला तरच उपयोगाचा आहे.

गोळा चेपला असेल आणि दुखण्याने जगणे अशक्य झाले असेल, तर कृत्रिम खुबा बसवतात. त्यातून अनेक तरुण पुन्हा चालू लागतात, हे खरे आहे. पण सिकलच्या रुग्णात हे काम अवघड असते. हाडातली पोकळी काही ठिकाणी अरुंद आणि दगडासारखी कठीण झालेली असते, त्यामुळे शस्त्रक्रियेत हाडाला भेग पडण्याचा धोका असतो. जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. आणि पंचविशीत बसवलेला सांधा जन्मभर पुरेलच असे नाही, तो पुढे बदलावा लागू शकतो. म्हणून ही शस्त्रक्रिया अशा रुग्णांचा अनुभव असलेल्या ठिकाणीच व्हावी.

आता एक गोष्ट सिकलसेल माहीत नसलेल्यांसाठीही. दुचाकीवरून पडून मांडीचे हाड मोडले, तर हाडाच्या पोकळीत रॉड घालतात. रॉड बसवताना पोकळी कोरली की आतला रक्तपुरवठा काही आठवडे बिघडतो, आणि तोपर्यंत हाड बाहेरच्या आवरणावर आणि स्नायूंवर जगते. पट्टी बसवताना हे बाहेरचे आवरण सोलले जाते, म्हणून चांगले शल्यचिकित्सक ते शक्य तितके कमी दुखावतात. निरोगी माणसाचे शरीर हा फटका भरून काढते. सिकलग्रस्ताच्या शरीराला तो जड जातो. त्यात भूल देताना प्राणवायू कमी पडला, अंग थंड पडले, उपाशी ठेवून सलाईन उशिरा लावली, तर पेशी आणखी विळ्यासारख्या होतात. रक्तस्राव थांबवायला हाता-पायावर घट्ट पट्टा बांधतात, त्याचाही वापर अशा रुग्णात फार विचाराने करावा लागतो.

याची काळजी घेता येते. २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका चाचणीत शस्त्रक्रियेआधी रक्त दिलेल्या ३४ सिकल रुग्णांपैकी ५ जणांना गुंतागुंत झाली. रक्त न दिलेल्या ३३ जणांपैकी १३ जणांना झाली. फरक असा होता की चाचणी मधेच थांबवावी लागली. म्हणजे शल्यचिकित्सकाला आधी ठाऊक असेल, तर तो रक्ताची, पाण्याची, उबेची, प्राणवायूची तयारी करू शकतो. आधी ठाऊक नसेल, तर सारे हातातून निसटते. म्हणून आमचे ठाम मत आहे : चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कोणत्याही माणसाची हाडाची शस्त्रक्रिया ठरली, तर तारीख देण्याआधी सिकलची सोल्युबिलिटी चाचणी झालीच पाहिजे, आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री केली पाहिजे. तातडीच्या शस्त्रक्रियेतही सोल्युबिलिटी चाचणीला काही मिनिटेच लागतात.

पाट आपणही बुजवतो

सगळा दोष जनुकाला आणि सरकारला देऊन चालणार नाही. खुब्याचा रक्तपुरवठा बंद पाडणाऱ्या आणखी काही गोष्टी आहेत आणि त्या आपल्या हातातल्या आहेत.

पहिली गोष्ट ती सुई. सांधेदुखीला झटपट आराम देणाऱ्या बऱ्याच सुयांत आणि पुड्यांत स्टेरॉइड असते. योग्य आजारात, योग्य प्रमाणात स्टेरॉइड जीव वाचवते. पण महिनोन्महिने आंधळेपणाने घेतलेले स्टेरॉइड हे सिकल नसलेल्या माणसाचाही खुबा मारण्याचे एक मोठे कारण आहे. करोनानंतर २०२१ साली मुंबईत तरुण रुग्णांमध्ये असे मेलेले खुबे दिसले, तेव्हा वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. आमच्या गावांत तीच सुई आठवडी बाजारात मिळते, तिची बातमी होत नाही.

दुसरी दारू. अति दारू हेही खुबा मरण्याचे ठळक कारण आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. कायद्याचे काय व्हायचे ते होवो, आपल्या घरातला निर्णय आपण घ्यायचा आहे.

तिसरा खर्रा. तंबाखूतले निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते, मोडलेले हाड जुळायला उशीर लावते. प्लास्टर घातलेला माणूस खाटेवर पडून दिवसाला पाच-सहा पन्न्या खर्रा खातो आणि हाड जुळत नाही म्हणून डॉक्टरला शिव्या देतो. हे चित्र आम्ही पाहिले आहे.

आणि मोडलेल्या हातापायाला करकचून बांधलेल्या बांबूच्या कांबट्या. हाड बसवणाऱ्या जाणकाराचा आम्ही अपमान करत नाही. रस्ता नव्हता, डॉक्टर नव्हता, तेव्हा त्यानेच लोकांना आधार दिला. पण बांधल्यावर बोटे थंड पडली, निळी पडली, बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेली, तर बांधणी तत्काळ सोडून दवाखाना गाठावा. तेथेही प्रश्न रक्ताचाच असतो, आणि तो तासांत सुटावा लागतो.

मागणी कोणाकडे आणि कोणती

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट. मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो असायलाच हवा. पण विदर्भात अनुसूचित जातींच्या वस्त्यांतही हा आजार तितकाच खरा आहे. टोल्यावर तपासणी आणि शेजारच्या बौद्ध वॉर्डात नाही, असे कुठे होत असेल तर ग्रामसभेत उभे राहून विचारावे. हे आदिवासी बांधवांच्या वाट्यातले मागणे नाही. दोघांच्या रक्तात एकच पेशी आहे, तर तपासणीही दोघांची व्हावी.

दुसरे, मोहीम मोजते ती तपासलेली माणसे आणि वाटलेली कार्डे. कार्ड मिळाल्यावर त्या माणसाच्या खुब्याचे काय झाले, हे कोण मोजते? चंद्रपुरात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचे संशोधन, व्यवस्थापन आणि नियंत्रण केंद्र आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. अशी संस्था आपल्या जिल्ह्यात असणे ही मोठी गोष्ट आहे. तिच्या आणि दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य यंत्रणेपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो. दहा वर्षांवरील प्रत्येक 'एसएस' रुग्णाचे खुबे वर्षातून एकदा हाताने तपासावेत आणि तशी नोंद त्याच्या कार्डावर व्हावी. संशय आला तर एमआरआयची तारीख आणि जाण्या-येण्याची सोय सरकारने करावी, कारण सिरोंचाहून जिल्ह्याचे ठिकाणच दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि नागपूर त्याहून पुढे. ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बसावा. आणि अनुभवी शल्यचिकित्सकांची खुब्यासाठी शिबिरे याच जिल्ह्यांत व्हावीत. धानोरा तालुक्यातल्या शोधग्रामच्या माँ दंतेश्वरी रुग्णालयात मुंबईचे तज्ज्ञ येऊन मणक्याच्या शस्त्रक्रिया करतात. जंगलात मणक्याची शस्त्रक्रिया होऊ शकते, तर खुब्याची का नाही?

तिसरे, हक्क. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल आजाराला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत जागा दिली आहे. आरक्षण आणि इतर बऱ्याच लाभांसाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागते. खुबा निकामी झालेल्या रुग्णाने प्रमाणपत्राच्या तपासणीला जाताना फक्त रक्ताचा कागद नेऊ नये. हाडाच्या डॉक्टरांचा अहवाल आणि एमआरआयसुद्धा सोबत न्यावेत. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेआधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

घरातले ऐका

शेवटी एक बोलायलाच हवे. खुब्याचे दुखणे मुलींच्या बाबतीत जास्त काळ लपते. वर-वधू मेळाव्यात मुलीचा 'पॅटर्न' सांगायचा की नाही, यावर घरात कुजबुज चालते आणि तिचे लंगडणे "पाय मुरगळला" म्हणून झाकले जाते. लग्न होऊन ती सासरी जाते, रोवण्यात दिवसभर वाकते, पाण्याची गुंडी डोक्यावर आणते, आणि दुखते म्हटले की आळशी ठरते. आपण मानवमुक्तीच्या गोष्टी करतो. आपल्या सुनेच्या जांघेतली कळ आपल्याला ऐकू येत नसेल, तर आपण ती मुक्ती घराच्या उंबरठ्याबाहेर ठेवली आहे. लग्नाआधी दोघांचीही तपासणी करावी, दोघांनी आपले कार्ड एकमेकांना दाखवावे, आणि दोघेही वाहक असतील तर डॉक्टरांचा सल्ला घेऊनच पुढचा निर्णय करावा. नागपूरच्या सिकलसेल सोसायटीचे संपत रामटेके यांनी हेच उघडपणे बोलण्यात आयुष्य वेचले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान झाला, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि घरी येऊन कार्ड पुन्हा पेटीत ठेवले.

सिकलसेलग्रस्ताने भरपूर पाणी प्यावे, थंडीत अंग उबदार ठेवावे, ताप आला तर अंगावर काढू नये, आणि डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सियुरिया मधेच बंद करू नये. या औषधाने कळांचे झटके कमी होतात. पण मेलेले हाड त्याने जिवंत होत नाही, म्हणून गोळी चालू असली तरी खुबा तपासायचाच. येत्या ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आपण जमू, १६ तारखेच्या आठवणीसाठी. उन्हातान्हात उभे राहताना आपल्यातल्या सिकलच्या मुलांसाठी पाणी आणि बसायला खुर्ची ठेवा. तेथे आरोग्याचे स्टॉल लागतात. रक्ताच्या थेंबाबरोबर खुबाही तपासून द्या, असे त्या स्टॉलवाल्यांना सांगा.

आणि तोपर्यंत थांबायचे कारण नाही. येत्या रविवारी वंदना झाली की मागे वळून पाहा. भिंतीशी कोण उभे आहे, खुर्ची कोणी ओढली आहे, ते बघा. थट्टा न करता जवळ जाऊन विचारा, "बाबू, जांघेत दुखते का? किती दिवस झाले?" उत्तर 'हो' आले, तर सोमवारी त्याला घेऊन दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना हात जोडून म्हणा, साहेब, गोळी नंतर लिहा, आधी याला झोपवून पाय फिरवून बघा.